रोध, धारा आणि शक्ती : एका विद्युत्-गणिताचे वाचन

१

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांसाठी असलेल्या या पृष्ठांवर व्होल्ट आणि अँपिअर यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाला या विषयाकडे वळावे लागले, ते दोन प्रसंगांमुळे. त्यांपैकी पहिला प्रसंग घरगुती आहे. उत्तरेतील एका अतिथिगृहात हिवाळा काढताना लेखकाने मेजावरच्या दिव्याचे सॉकेट खोली तापविण्याच्या शेगडीसाठी वापरले. शेगडी २००० वॅटची होती. तिचा जाड पिनांचा प्लग त्या लहान सॉकेटात बसत नव्हता, म्हणून बाजारात मिळणारा एक जोड-प्लग मध्ये घातला. त्याच सॉकेटावर तीन महिने दिवा निर्वेधपणे जळत होता. शेगडी लावल्यावर मात्र तासाभरात जळका वास आला आणि सॉकेटचे तोंड काळे पडून वितळले. दुरुस्तीसाठी आलेल्या मिस्त्रीने, "लोड ज्यादा हो गया," एवढेच सांगितले. ते खरे होते, परंतु ते स्पष्टीकरण नव्हते. शेगडी तापावी हे योग्यच. पण तापायचे नव्हते ते सॉकेट का तापले?

दुसरा प्रसंग भाषांतराच्या वर्गातील आहे. एका शोधछात्राने विजेविषयीचा एक बंगाली लेख मराठीत आणला होता. मूळ लेखातील 'शक्ति' हा शब्द त्याने मराठीत 'शक्ती' असाच ठेवला होता. शब्द तत्सम आणि दोन्ही भाषांना परिचित असल्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. तथापि त्यामुळे भाषांतरातील प्रत्येक आकड्याचा अर्थ बदलला होता. हे कसे घडले, ते कळण्यासाठी विद्युत्-धारा, विभवांतर, रोध आणि शक्ती यांचे परस्परसंबंध समजून घेणे अगत्याचे आहे. हे गणित गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही, हे आरंभीच नमूद करणे इष्ट होईल.

२

विजेची परिभाषा मुख्यत्वे पाण्याच्या रूपकावर उभी आहे. 'धारा', 'प्रवाह' आणि 'दाब' हे तिन्ही शब्द त्या रूपकातले आहेत. तारेतून दर सेकंदाला किती विद्युत्-प्रभार वाहतो, ते धारा सांगते. तिचे एकक अँपिअर. हा प्रभार ज्यामुळे वाहू लागतो तो दोन टोकांमधील फरक म्हणजे विभवांतर. त्याचे एकक व्होल्ट. बोलीत आणि वीजखात्याच्या फलकांवर याच राशीला 'दाब' म्हणतात. 'उच्चदाब वाहिनी' हा शब्दप्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. 'दाब' शब्दाने कल्पना लवकर येते, तर 'विभवांतर' शब्दात 'अंतर' आहे, हा त्याचा विशेष. एकाच तारेच्या एकाच बिंदूला स्वतःचे असे व्होल्टेज नसते. ते नेहमी दोन बिंदूंच्या दरम्यान मोजावे लागते. उच्चदाब तारेवर बसलेल्या पक्ष्याला इजा होत नाही याचे कारण हेच. त्याच्या दोन पायांमधील अंतर अल्प असते आणि त्यांच्यातील विभवांतर जवळजवळ शून्य असते.

तिसरी राशी म्हणजे रोध. विशिष्ट विभवांतर असताना तारेतून किती धारा वाहील, हे त्या तारेच्या द्रव्यावर, लांबीवर, जाडीवर आणि तापमानावर अवलंबून असते. तार लांब असेल तर रोध वाढतो, जाड असेल तर तो कमी होतो. रोधाचे एकक ओहम.

पाण्याचे रूपक उपकारक असले, तरी त्याच्या मर्यादा आहेत. नळ फुटला तर पाणी बाहेर वाहते. तार तुटली तर धारा वाहून जात नाही, ती थांबते. विजेला जाण्यासाठी आणि परतण्यासाठी सलग वाट लागते, आणि 'मंडल' या शब्दात हीच कल्पना आहे. मूळ अनुभव स्वतंत्रपणे पडताळून पाहिल्याशिवाय रूपकावर फार भार टाकू नये, हे साहित्याच्या अभ्यासकास निराळे सांगण्याचे कारण नाही.

३

या तीन राशींमधील संबंध गेओर्ग सायमन ओहम याने प्रस्थापित केला. १७८९ साली एर्लांगेन येथे जन्मलेला हा संशोधक कोलोन येथील एका शाळेत गणित आणि भौतिकी शिकवीत असे. आरंभी त्याने व्होल्टाच्या पद्धतीच्या घटांवर प्रयोग केले. परंतु त्या घटांचे विभवांतर वापरागणिक घसरत असे आणि मापने जुळत नसत. पुढे पोगेनडॉर्फ याच्या सूचनेवरून त्याने तांबे आणि बिस्मथ यांच्या जोडाची दोन टोके भिन्न तापमानांत ठेवून स्थिर विभवांतर मिळविले, आणि त्यानंतर त्याची मापने नियमात बसली. १८२७ साली त्याचा ग्रंथ बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील विचाराची मांडणी फूरिए याच्या उष्णतावहनाच्या सिद्धांताशी असलेल्या साम्यावर आधारलेली आहे. तापमानातील फरकामुळे उष्णता वाहते, तसा विद्युत्-स्थितीतील फरकामुळे प्रभार वाहतो, असे हे साम्य होय. म्हणजे पाण्याचे रूपक आपण शिकविण्यासाठी वापरतो, तर ओहम याला वाट दाखविली ती उष्णतेच्या उपमेने.

स्वदेशी या ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. ओहम याने कोलोनमधील नोकरी सोडली आणि काही वर्षे त्याला योग्य असे स्थान मिळाले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कॉप्ले पदक दिले. १८५४ मध्ये म्युनिक येथे त्याचे निधन झाले. याच नियमाच्या बऱ्याच जवळ हेन्री कॅव्हेंडिश अठराव्या शतकातच पोहोचला होता. धारा मोजण्याचे साधन नसल्यामुळे स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यांची तीव्रता हेच त्याचे माप होते. परंतु हे काम त्याने प्रसिद्ध केले नाही. मॅक्सवेल याने त्याची टिपणे संपादित करून १८७९ साली प्रकाशात आणली, तोपर्यंत नियमाला ओहमचे नाव मिळून चुकले होते.

नियम असा : तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम असताना, धातूच्या वाहकातील धारा त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या समप्रमाणात असते. यावरून रोध काढण्याची रीत मिळते :

रोध = विभवांतर ÷ धारा

समजा, एखाद्या उपकरणाच्या टोकांमधील विभवांतर २३० व्होल्ट आहे आणि त्यातून ४.३५ अँपिअर धारा वाहत आहे. २३० ला ४.३५ ने भागल्यास सुमारे ५२.९ येतात, म्हणून रोध ५२.९ ओहम. हेच सूत्र फिरवून लिहिले की, धारा = विभवांतर ÷ रोध, आणि विभवांतर = धारा × रोध. कोणत्याही दोन राशी ठाऊक असल्या, की तिसरी मिळते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा. 'विभवांतर भागिले धारा' ही रोधाची व्याख्या आहे आणि ती कोणत्याही उपकरणाला लावता येते. तो भागाकार सदैव तोच येतो, हे विधान म्हणजे ओहमचा नियम. आणि ते सर्वत्र खरे नाही. टंगस्टनच्या तंतूचा ६० वॅटचा जुना दिवा २३० व्होल्टवर जळताना सुमारे ०.२६ अँपिअर धारा घेतो, म्हणजे त्याचा रोध सुमारे ८८० ओहम भरतो. तोच दिवा थंड असताना मोजला, तर रोध याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आढळतो. कारण तंतू तापला, की त्याचा रोध वाढतो. असे दिवे नेमके बटण दाबण्याच्या क्षणी का जात, याचा उलगडा यातून होतो. त्या क्षणी तंतू थंड असतो आणि त्यातून नेहमीच्या कितीतरी पट धारा जाते.

४

आता शक्तीकडे वळू. दर सेकंदाला किती ऊर्जा खर्ची पडते, याचे माप म्हणजे शक्ती. विभवांतर हे प्रत्येक एकक प्रभारामागे मिळणारी ऊर्जा सांगते, आणि धारा ही दर सेकंदास वाहणारा प्रभार सांगते. म्हणून या दोहोंच्या गुणाकारातून दर सेकंदाची ऊर्जा मिळते :

शक्ती = विभवांतर × धारा

वरील उदाहरणात २३० गुणिले ४.३५, म्हणजे सुमारे १००० वॅट. 'वॅट' हे नाव जेम्स वॅट याच्या स्मरणार्थ १८८२ साली विल्यम सीमेन्स याने सुचविले. वॅटने आपल्या वाफेच्या यंत्रांची तुलना घोड्यांच्या कामाशी केली होती. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी असलेली पंपाची 'अश्वशक्ती' ही त्या तुलनेची आठवण होय. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे ३७३० वॅट शक्ती देतो.

ओहमचे सूत्र या सूत्रात घातले, की आणखी दोन रूपे मिळतात. विभवांतराच्या जागी 'धारा × रोध' लिहिल्यास :

शक्ती = धारेचा वर्ग × रोध

आणि धारेच्या जागी 'विभवांतर ÷ रोध' लिहिल्यास :

शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध

यांपैकी पहिले रूप उष्णतेच्या प्रयोगांतून जेम्स ज्यूल याने १८४० च्या सुमारास शोधून काढले. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्याला आढळले.

ही दोन विधाने शेजारी ठेवली, की वाचक अडखळतो. पहिल्यानुसार रोध वाढला की शक्ती वाढते. दुसऱ्यानुसार रोध वाढला की शक्ती घटते. मग खरे कोणते? दोन्ही खरी आहेत. काय कायम राहते आणि काय बदलते, यावर अर्थ अवलंबून आहे. घरातील उपकरणे एकमेकांना समांतर जोडलेली असतात आणि प्रत्येकास तेच २३० व्होल्ट मिळतात. तेथे दुसरे रूप उपयोगी. १००० वॅटच्या शेगडीचा रोध ५२.९ ओहम, तर २००० वॅटच्या शेगडीचा २६.४५ ओहम, रोध निम्मा, म्हणून उष्णता दुप्पट. याउलट तार, प्लग, सॉकेट आणि शेगडी ही एकामागून एक जोडलेली असतात, आणि त्या सर्वांतून एकच धारा जाते. तेथे पहिले रूप लावावे लागते, आणि ज्या ठिकाणी रोध अधिक तेथे उष्णता अधिक असा निकाल येतो. संदर्भाविना सूत्राचा अर्थ पुरा होत नाही, हे यावरून दिसून येईल.

जळालेल्या सॉकेटाचे उत्तर आता देता येते. २००० ला २३० ने भागले असता ८.७ येतात. शेगडी सुमारे ८.७ अँपिअर धारा घेत होती, आणि ते लहान सॉकेट ६ अँपिअरसाठी होते. एवढ्याने चूक सिद्ध होते. परंतु वितळण्याचे कारण आणखी पुढे आहे. जोड-प्लगाची पकड सैल असल्यामुळे पिनेच्या स्पर्शस्थानी अर्धा ओहम रोध निर्माण झाला, असे समजू. एकूण रोध २६.९५ ओहम झाला आणि धारा सुमारे ८.५३ अँपिअर. तिचा वर्ग सुमारे ७२.८, त्याला अर्ध्याने गुणले असता स्पर्शस्थानी ३६ वॅटहून थोडी अधिक शक्ती उष्णतेच्या रूपात खर्ची पडत होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची कडक इस्त्री साधारणपणे २५ वॅटची असते. प्लॅस्टिकच्या कोंदणात, बोटाच्या पेराएवढ्या जागी, तिच्याहून प्रखर असे हत्यार तासभर तापत होते.

त्याच सैल सॉकेटावर ६० वॅटचा दिवा लावला, तर काय होते? धारा ०.२६ अँपिअर, तिचा वर्ग सुमारे ०.०६८, अर्ध्याने गुणले असता ०.०३४ वॅट. म्हणजे शेगडीच्या वेळी त्याच दोषातून सुमारे हजारपट उष्णता निर्माण झाली. दोष आधीपासूनच होता. दिव्याने तो कधी उघड होऊ दिला नाही. तीन महिने काही झाले नाही, हा सॉकेट सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हता. शक्ती धारेच्या वर्गाने वाढते, हे ठाऊक नसल्यामुळे लेखकाने तो पुरावा मानला.

दाब कमी झाल्याचा परिणामही याच सूत्रांनी कळतो. विभवांतर २३० वरून २०० व्होल्टवर आले, तर १००० वॅटच्या शेगडीची शक्ती २०० चा वर्ग भागिले ५२.९, म्हणजे सुमारे ७५६ वॅट होते. दाब १३ टक्क्यांनी घटला, उष्णता मात्र २४ टक्क्यांनी. शेगडीचे यात नुकसान नाही. ती कमी तापते इतकेच. शेतातील पंपाची गोष्ट उलट आहे. विहिरीतून तेवढेच पाणी उचलण्याचे काम मोटारीला करावयाचे असते. म्हणून दाब घसरला, की तेवढी शक्ती मिळविण्यासाठी ती अधिक धारा ओढते, धारेच्या वर्गाने तिची वेटोळी तापतात, आणि अखेर मोटार जळते. कमी दाबाने यंत्र जळावे, हे ऐकणाऱ्याला विपरीत वाटते. परंतु ज्याने ती मोटार गुंडाळून आणण्यासाठी तालुक्याचे गाव गाठले आहे, त्याला ते नव्याने सांगावे लागत नाही. येथे एवढे जोडले पाहिजे, की मोटारीसारख्या उपकरणांत प्रत्यावर्ती धारा आणि विभवांतर यांचे चढउतार एकाच वेळी होत नाहीत. त्यामुळे त्यांच्या गुणाकाराला एकाहून लहान अशा एका गुणकाने गुणावे लागते. शेगडीसारख्या निव्वळ तापणाऱ्या उपकरणांना मात्र वरील सूत्रे जशीच्या तशी लागू पडतात.

५

आता बंगाली लेखाच्या भाषांतराकडे येऊ. मराठी आणि हिंदी या भाषांच्या शास्त्रीय परिभाषेत 'शक्ती' म्हणजे वॅटमध्ये मोजावयाची राशी, आणि ज्यूलमध्ये मोजावयाची ती 'ऊर्जा'. बंगालीत 'शक्ति' म्हणजे ऊर्जा; वॅटच्या राशीला तेथे 'क्षमता' म्हणतात. तेलुगूतही 'शक्ति' ही ऊर्जा आहे आणि वॅटची राशी 'सामर्थ्यम्' आहे. तमिळने दोन्ही शब्द आपल्या भांडारातून घेतले : ऊर्जेला 'आट्रल्', शक्तीला 'तिऱन्'. म्हणजे ज्या भाषेतील शब्द आपल्याला अपरिचित वाटतो, तेथे भाषांतरकार सावध राहतो आणि कोश उघडतो. ज्या भाषेतील शब्द आपलाच वाटतो, तेथे तो फसतो. संस्कृतोद्भव शब्दसंपत्ती हा भारतीय भाषांना जोडणारा दुवा आहे, हे विधान आपण वारंवार करतो. तो दुवा शब्दरूपाचा आहे. अर्थाची हमी त्यात नाही.

मराठीतही व्यवहार सर्वस्वी निर्दोष नाही. मुंबईतील 'अणुशक्तीनगर' या नावातील शक्ती ऊर्जाच आहे. 'अश्वशक्ती'तील शक्ती मात्र परिभाषेप्रमाणे आहे. 'भार' या शब्दाची स्थिती अशीच. 'धनभारित' आणि 'ऋणभारित' यांतील भार म्हणजे प्रभार, तर 'भारनियमना'तील भार म्हणजे मागणीचा बोजा, मिस्त्रीचे 'लोड'. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांनी 'भारनियमन' हा अवघड जोडशब्द काळोखात बसून आत्मसात केला, ही आपल्या परिभाषेच्या इतिहासातील नोंद घेण्याजोगी घटना होय.

शक्ती आणि ऊर्जा यांची गल्लत केवळ कोशकारांपुरती मर्यादित नाही. विजेचे देयक भरणाऱ्या प्रत्येकाला ती भोवते. देयकावरील 'युनिट' म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ऊर्जा. २००० वॅटची शेगडी पाच तास चालली तर दहा युनिटे होतात. १०० वॅटचे उपकरण शंभर तास चालले तरी दहाच. वॅटचा आकडा उपकरणाचा वेग सांगतो. पैसे वेग आणि वेळ यांच्या गुणाकाराचे द्यावे लागतात. तसेच वॅट हे उजेडाचे मापही नव्हे. जुन्या ६० वॅटच्या दिव्याइतका प्रकाश आजचा सुमारे ९ वॅटचा एलईडी दिवा देतो, कारण जुना दिवा मुख्यतः उष्णता निर्माण करीत असे.

'रोध' या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. 'रुध्' या धातूपासून भारतीय भाषांनी एकाच राशीसाठी निरनिराळी रूपे घेतली : मराठी आणि बंगाली 'रोध', हिंदी 'प्रतिरोध', गुजराती 'अवरोध', तेलुगू 'निरोधम्', मलयाळम् 'प्रतिरोधम्'. तमिळचा 'मिन्तडै', म्हणजे विजेची अडवणूक, हा स्वतंत्र. हिंदीतील 'प्रतिरोध' साहित्यसमीक्षेतही तितकाच रुळलेला आहे. त्यामुळे हिंदीभाषक विद्यार्थी एकच शब्द भौतिकीच्या आणि कवितेच्या तासाला ऐकतो. मराठीत असे घडत नाही. समीक्षेत आपण 'विद्रोह' किंवा 'प्रतिकार' म्हणतो, आणि 'रोध' प्रयोगशाळेतच राहतो. यात लाभ आहे तसा तोटाही. उपसर्गरहित 'रोध' हा शब्द भावनिक छटांपासून मुक्त असल्यामुळे शास्त्राला सोयीचा आहे. परंतु बोलीत त्याला आधार नसल्यामुळे विद्यार्थी तो पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

६

ज्या छात्राच्या भाषांतराचा आरंभी उल्लेख केला, त्याने दुरुस्ती करताना कोश शेवटी उघडला. आधी त्याने प्रत्येक आकड्यापुढील एकक पाहिले. जेथे ज्यूल, तेथे ऊर्जा. जेथे वॅट, तेथे शक्ती. जेथे ओहम, तेथे रोध. शब्द भाषेगणिक बदलले, तरी एककांची नावे सर्व भारतीय भाषांत सारखीच राहिली आहेत, आणि त्यांच्यातील गुणाकार-भागाकारही बदलत नाहीत. त्याच्या सहा पानांच्या मसुद्यात 'शक्ती' हा शब्द त्याने अकरा ठिकाणी खोडला आणि दोन ठिकाणी ठेवला.

अतिथिगृहातील सॉकेट बदलले गेले आहे. शेगडी आता १६ अँपिअरच्या जागी, मध्ये जोड-प्लग न घालता लावली जाते. नव्या ठिकाणी उपकरण लावण्यापूर्वी त्याच्या मागील पट्टीवरील वॅटच्या आकड्याला २३० ने भागावे, आणि आलेली धारा सॉकेटावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. या भागाकाराला अर्धे मिनिट लागते. वाचकांनी तो एकदा आपल्या खोलीत करून पाहावा, अशी विनंती आहे.